शून्याला कुलूप

आण्णांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. पहिल्या दिवशी गाव विचारलं, मी नांदेडच्या पुढं म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून मी त्यांच्यासाठी ‘चोवीस बासष्ट’ झाले. तो नांदेडचा एसटीडी कोड. मोबाइल आल्यापासून हे कोड कुणाच्या डोक्यात राहिलेत? आण्णांच्या डोक्यात मात्र सगळा महाराष्ट्र तसाच मांडलेला होता. स्टोअरमधला आजऱ्याचा माणूस म्हणजे ‘तेवीस तेवीस’. कँटीनच्या नेसरीकडच्या मावशी ‘तेवीस सत्तावीस’. मॅनेजर साहेब पुण्याचे, ते नुसते ‘वीस’.

“दोन आकडी माणूस त्यो,” आण्णा म्हणायचे. “त्येला लांबचं काय कळणार? जेवढं गाव आडबाजूला तेवढा कोड लांब. तू चार आकडी हाईस. तुला घर गाठाय समद्यात जास्त दाबावं लागतंय.”

मला हसू यायचं आणि लगेच भीती वाटायची, की आपण हसलो ते त्यांना दिसलं तर. मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. खुर्ची सरकवली तरी आधी इकडंतिकडं बघायची सवय होती. ती अजून गेलेली नाही.

कोल्हापूरजवळ उचगावच्या पुढं एक सूतगिरणी आहे, तिथली ही गोष्ट. माझी शाळा आठवीत सुटली, पुढं नवऱ्याचं घर सुटलं, आणि चार वर्षांचं लेकरू मायजवळ ठेवून मी गावातल्या एका बाईबरोबर इतक्या लांब आले. गिरणीच्या होस्टेलात आम्ही बेचाळीस बायका. मोबाइल होस्टेलच्या बाईंच्या कपाटात, रविवारी तासभर हातात मिळायचे. मला काम होतं वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या मशिनांवर. कापसाची कुसळं नाकातोंडात जायची आणि खोकला थांबायचा नाही. सहा महिन्यांत माझं वजन इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

तिथून मला उचलून टेलिफोनच्या खुर्चीवर बसवलं ते आण्णांनी.

एक दिवस ते हातात लाल रंगाचा टेस्टिंगचा फोन घेऊन खात्यात आले. पांढरा शर्ट, खिशाला पेनं, पायात कोल्हापुरी. मशिनांचा असा गोंगाट, की बाजूची बाई ओरडली तरी ऐकू येत नाही. ते एकेका बाईच्या कानाला तो फोन लावायचे आणि दोन आवाज ऐकवायचे. बायका हसत होत्या. कुणी म्हणाली, “आण्णा, कुणाचा फोन हाय? माझ्या नवऱ्याचा आसंल तर मी मेलो म्हणून सांगा.” माझी पाळी आली. मी म्हटलं, “पहिला सरळ जातो. दुसरा तुटत तुटत येतो.”

ते माझ्या तोंडाकडं नीट बघत राहिले. मग म्हणाले, “ह्या गोंधळात ऐकू आलं व्हय तुला?”

पुढच्या सोमवारपासून मी ऑपरेटर. पगारासाठी खुर्चीवर बसण्याची माझ्या घराण्यातली ती पहिलीच वेळ. मी मायला सांगितलं तर तिनं विचारलं, “मंग काम काय करतीस?”

आण्णा गिरणीचे नोकर नव्हते. गावातल्या दोनतीन दवाखान्यांचं, एका लॉजचं, एका कॉलेजचं आणि आमच्या गिरणीचं टेलिफोनचं काम ते बाहेरून बघायचे. जुन्या मोपेडवरून यायचे. पुढं लटकवलेल्या पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, वायरी आणि हिन्याच्या अत्तराची एक छोटी कुपी. फोन कुठलाही असो, आधी बोलायची बाजू पुसायची आणि तिथं अत्तराचं बोट फिरवायचं. “माणसं दिवसभर खोटं बोलत्यात ह्यात,” म्हणायचे, “वास तरी बरा येऊ दे.” कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात मी एकदा खोकल्याचं औषध आणायला गेले होते. काउंटरवरच्या फोनला हिन्याचा वास आला आणि मी परक्या ठिकाणी नाही असं वाटलं.

त्यांचं खरं काम म्हणजे फोनांची तोंडं बांधणं. कुठल्या टेबलावरून फक्त आतल्या आत बोलता यावं, कुठून गावात, कुठून परगावी, हे ते ठरवून द्यायचे. परगावच्या नंबराच्या आधी शून्य लागतो, म्हणून शून्य बंद केला की परगाव बंद. सगळी हयात त्यांनी शून्याला कुलपं घातली. मग नियम आला, की लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तरी आधी शून्य दाबायचा. आण्णांनी जिथंजिथं शून्य बंद केला होता तिथल्या सगळ्या फोनांतून एका दिवसात मोबाइलही लागेनासे झाले. ते दिवस ते सांगायचे तेव्हा त्यांचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा व्हायचा.

“पयलं शून्य बंद केला तरी गावातला माणूस गावातल्याशी बोलत हुता की,” ते म्हणायचे. “आता समदी शून्याच्या पलीकडं गेल्यात. आलीकडं कोण ऱ्हायलंय? मी आन् भिंत.”

कुलूप घालायच्या आधी त्यांची एक पद्धत होती. त्या टेबलावर बसणाऱ्याला विचारायचे, “एक नंबर सांग. समदं बंद झालं तरी त्यो लागंल.” आणि तेवढा एक नंबर मोकळा सोडायचे. मालकांनी सांगितलेलं नसायचं, मालकांना कळायचंही नाही. एकदाच विचारायचे. आमच्या एका क्लार्कनं सासुरवाडीचा नंबर दिला, कारण बायको तेव्हा बाळंतपणाला तिकडं होती. ती परत आल्यावर तो नंबर बदलून मागायला आला.

“न्हाय,” आण्णा म्हणाले. “येकदाच ईचारतो मी. आपल्याला कोण लागतंय हे माणसाला म्हाईत पायजे.”

“आहो आण्णा, सासू उचलती फोन.”

“मग बोल की तिच्यासंगं.”

तो क्लार्क अजून गिरणीत आहे. सासूचं आणि त्याचं चांगलं जमतं म्हणे.

हे सगळं प्रोग्रॅमिंग ते फोनच्याच बटणांवरून करायचे. एक कोड दाबायचा, मग टेबलाचा नंबर, मग आणखी काही आकडे. बरोबर झालं तर कानात एक लांब टोन येतो. चुकलं तर टक् टक् टक् असे तुटके. दिसायला काहीच नाही, ना दिवा ना पडदा. आवाज हीच पावती.

आणि आण्णांना ऐकू येत नव्हतं.

हे मला कळायला महिना लागला. ते आकडे दाबायचे आणि रिसिव्हर माझ्या कानाला लावायचे. म्हणायचे, “माझ्या कानात मळ झालाय. बघ, लांब आला का?” मी ऐकायचे तेवढा वेळ त्यांची दोन बोटं रिसिव्हरच्या पाठीवर असायची. मला वाटायचं माझा हात हलू नये म्हणून धरतात. तो मळ आठ महिने निघाला नाही. समोरचा काय बोलला ते कळलं नाही, की त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं, “व्हय व्हय, बघू की.” पहिल्यांदाच मला लॉजवर नेलं तेव्हा तिथल्या मालकानं विचारलं, “आण्णा, चहा घेणार?” आण्णा म्हणाले, “व्हय व्हय, बघू की, दोन्ही लाइनी उद्या चालू हुतील.” मालक हसला, मीही हसले, आणि हसता हसता थांबले. ज्याचं पोट कानावर, त्याचे कान गेलेले. वाइंडिंग खात्यात ते बायकांचे कान कशासाठी तपासत फिरत होते ते मला त्या दिवशी समजलं.

मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनीही कधी सांगू नको म्हणून म्हटलं नाही. मग ते मला दुसऱ्या कामांवरही न्यायला लागले. रविवारी मोपेडच्या मागं बसवून दवाखान्यात, कॉलेजात. ते आकडे दाबायचे, मी “लांब” म्हणायचे, ते वहीत लिहायचे. माझ्या एका शब्दावर ते लिहायचे. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या नवऱ्यानंही टाकला नव्हता.

आता त्या हिवाळ्याचं सांगते. ते सांगितल्याशिवाय आण्णा पुरे होणार नाहीत.

माझा भाऊ रानातून संध्याकाळी सातला घरी येतो. घरात मोबाइल एकच, तो त्याच्याजवळ. ऑपरेटरची खोली साडेपाचला बंद व्हायची. म्हणून मी सातला होस्टेलच्या पॅसेजमधल्या फोनवरून घरी लावायचे. माय लेकराच्या ताटाजवळ मोबाइल ठेवायची आणि मी इकडून म्हणायचे, घास घे, आता भाताचा घे, आता पाणी पी. लेकरू माझ्या आवाजाबरोबर जेवायचं. फोन लागला नाही त्या दिवशी तसंच झोपायचं. माय रविवारी हळूच सांगायची, परवा जेवलं नाही बघ.

गिरणीला बाहेरच्या लाइनी दोनच. संध्याकाळी बायका त्या धरून बसतात, व्यापाऱ्यांचे फोन लागत नाहीत, असं मॅनेजर साहेबांना दिसलं. एक दिवस दुपारी आण्णा माझ्या खोलीत आले आणि खुर्ची ओढून बसले.

“होस्टेलचा शून्य बंद कराय सांगितलाय वीसनं.”

मी समोरची वही मिटली.

“येक नंबर मोकळा सोडाय येतोय. कुणाचा सोडू?”

“तिथं बेचाळीस बायका आहेत, आण्णा.”

“त्ये मला म्हाईत हाय. मी तुला ईचारतोय.”

नंबर ओठावर होता. पण बेचाळीस जणींत माझाच कसा सांगू? आणि या माणसानं मला कुसळांतून बाहेर काढलं, खुर्ची दिली, आणखी कुठल्या तोंडानं मागू? घेतलेल्याचं ओझं इतकं होतं की हात पुढं होईना. मी म्हटलं, “कुणाचाच नको.”

त्यांनी खुर्ची फोनजवळ सरकवली. “बघ हं,” म्हणाले. मग रिसिव्हर माझ्या कानाला दिला आणि दाबायला लागले. होस्टेलचा नंबर अडतीस. त्यांच्या जाड बोटानं आठ दोनदा दाबला गेला. मी पाहिलं. कानात आलं, टक् टक् टक्.

“लांब आला?”

ताट डोळ्यापुढं आलं. भाताचा ढीग, त्यावर वरण, आणि शेजारी पालथा घातलेला मोबाइल.

“आला, आण्णा. लांब.”

त्यांची दोन बोटं रिसिव्हरच्या पाठीवर होती. ती त्यांनी लगेच उचलली नाहीत. तुटके आवाज चालूच होते, ते थांबेपर्यंत बोटं तिथंच होती. मग वही काढली आणि लिहिलं : अडतीस, शून्य बंद.

एकोणीस दिवस. त्यातले पहिले चारपाच दिवस बायकांनी फोन बंद झाला म्हणून हातही लावला नाही, मी एकटीच सातला खालच्या आवाजात बोलायचे. मग एकीनं पाहिलं. आठवड्यात पॅसेजमध्ये पहिल्यासारखी रांग लागली. मी कुणाला नाही कसं म्हणू?

विसाव्या दिवशी मॅनेजर साहेब आण्णांना घेऊन होस्टेलात आले. शिफ्ट सुटली होती, बायका पॅसेजभर उभ्या. मीही त्यांच्या मागं. साहेबांनी भिंतीवरचा फोन उचलला, शून्य दाबला, पुढं स्वतःचाच मोबाइल नंबर दाबला. त्यांच्या शर्टाच्या खिशात फोन वाजायला लागला. मोठ्यानं, एक कसलं तरी देवाचं गाणं.

सगळ्या बायकांची नजर त्या खिशावर गेली. आण्णा एकटे बायकांच्या तोंडाकडं बघत होते, काय झालं ते शोधत.

“आण्णा, काय वाजतंय?” साहेब म्हणाले.

“व्हय व्हय,” आण्णा म्हणाले, “बघू की.”

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातला फोन काढून आण्णांच्या कानाजवळ धरला आणि फार हळू आवाजात विचारलं, “तुम्हाला हे ऐकू येत नाही?” हे त्यांनी ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वेळी मी पुढं होऊन म्हणायला पाहिजे होतं, चूक यांची नाही, तुटका टोन आला होता, लांब आला म्हणून मी सांगितलं. चार वाक्यंसुद्धा नाहीत. माझ्या पुढं तीन बायका होत्या, त्यांच्या खांद्यांवरून आण्णांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मला खुर्ची दिसत होती. वाइंडिंग खातं दिसत होतं.

आण्णा दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. नवीन सिस्टीम बसवायला टाय घातलेली दोन माणसं आली. त्यांनी मला संगणकावर दाखवलं : मॅडम, इथली खूण काढली की बंद, लावली की चालू. टोन नाही, काही नाही. होस्टेलची खूण त्यांनी माझ्यासमोर काढली. मी तिथं हात लावला तर साहेबांना त्याच मिनिटाला मेसेज जातो.

म्हातारा बहिरा झालाय ही बातमी गिरणीतून लॉजवर गेली, तिथून दवाखान्यांत. एकेक काम सुटत गेलं. आणि मी जे वाचवायला खोटं बोलले ते एकोणीस दिवस वाचलं. नंतर लेकरू पंधरा दिवस अर्धपोटी राहिलं. मग आपलं आपण जेवायला शिकलं. आता रविवारी फोनवर मी काहीही विचारलं तरी “हूं” म्हणतं आणि मायकडं फोन देतं.

चार महिन्यांनी एका रविवारी दुपारी मी उचगावात त्यांच्या घरी गेले. जाताना ठरवून गेले होते, सांगायचंच. रस्ताभर वाक्य घोकत होते. काकूंनी दार उघडलं. आत वळून मोठ्यानं म्हणाल्या, “आहो, गिरणीतली ती आलीया.” त्यांना ऐकू गेलं नाही. काकूंनी खांद्याला हात लावल्यावर त्यांनी वळून पाहिलं.

“चोवीस बासष्ट,” म्हणाले, आणि हसले. दाढी वाढली होती. मी लाडवांचा पुडा पुढं केला, तो त्यांनी मांडीवर ठेवून घेतला. घोकलेलं वाक्य तसंच राहिलं.

कोपऱ्यात स्टुलावर त्यांचा घरचा फोन होता. वर काकूंनी विणलेलं फडकं. आण्णांनी ते फडकं काढलं, रिसिव्हर उचलून माझ्या हातात दिला आणि दोन बोटं त्याच्या पाठीवर ठेवली. अगदी नेहमीसारखी.

“बघ जरा. टोन हाय का?”

मी कानाला लावला. हिन्याचा वास आला. दुसरं काही नाही. ना लांब, ना तुटका. विहिरीत कान घातल्यासारखं. मी त्यांच्याकडं पाहिलं. सगळी कामं गेलेला माणूस, घरात उरलेला हा एक फोन, आणि तोही मेलेला. हे त्यांना मी सांगू?

“आहे, आण्णा.”

“लांब?”

“लांब.”

त्यांनी मान हलवली. रिसिव्हर घेऊन जागेवर ठेवला, फडकं घातलं, चारी कोपरे बोटांनी सारखे केले.

काकूंनी चहा दिला. कप खाली ठेवायला मी वाकले तेव्हा स्टुलाखाली फोनची वायर दिसली. भिंतीतून काढलेली, एकसारखी वेटोळी घालून वर रबर लावलेलं. अशी वेटोळी कोल्हापुरात एकच माणूस घालतो. फोन त्यांनी स्वतःच्या हातानं तोडला होता. टोन नाही हे त्यांना माझ्या आधी माहीत होतं. बोटांना माहीत होतं, टोनची थरथर रिसिव्हरच्या पाठीवर लागते. आज होतं, म्हणजे त्या दिवशीही होतं.

मी खाली वाकलेलीच राहिले. वर बघायचं कसं ते कळेना.

निघताना ते दारापर्यंत आले. म्हणाले, “जा, होस्टेलचं फाटक लावतील.” मी चपला घातल्या. तेव्हा त्यांनी विचारलं, “लेकरू जेवतंय का आता?”

लेकराचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

मी त्यांच्याकडं पाठ करून उभी होते. तशीच म्हणाले, “माझ्यावाचून जेवतं, आण्णा. त्या दिवशी लांब नव्हता आला.”

मागून आवाज आला, “व्हय व्हय, बघू की.”

मी वळले. ते हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडं बघत होते. मी परत सांगितलं नाही.